पाणचट म्हणून नापास: सोलापुरात झालेल्या एका हलक्या बिटरच्या परीक्षणाचे प्रकरण

एप्रिलच्या शेवटच्या पंधरवड्यात माझा भाचा लीड्सहून सोलापूरला आला, तेव्हा त्याच्या सामानात अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या चार तपकिरी बाटल्या होत्या. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला करमुक्त दोन लिटर मद्य आणता येते आणि त्याने ती मर्यादा शेवटच्या मिलिलिटरपर्यंत वापरली होती. दोन लिटरांत दोन चांगल्या व्हिस्की आल्या असत्या, हे दाजींचे, म्हणजे त्याच्या वडिलांचे, म्हणणे व्यवहाराला धरून होते. त्यातच त्यांनी बाटलीवरचा आकडा वाचला: अल्कोहोल ३.४ टक्के. ‘‘एवढ्यासाठी विमानातून ओझं वाहून आणलंस?’’ एवढेच ते म्हणाले; पण पुढे जे झाले त्याची सुरुवात या वाक्यातच होती, असे आता टिपणे पुन्हा वाचताना वाटते.

ही बीअर इंग्लंडमधल्या ‘बिटर’ या जुन्या घराण्यातली, आणि त्यातही सर्वांत हलकी, जिला परीक्षक ‘ऑर्डिनरी बिटर’ म्हणतात. १९८५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या बीअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅमच्या (बीजेसीपी) नियमावलीत तिची मापे दिलेली आहेत: आंबवण्यापूर्वीची घनता (पाण्याची १ धरून; रसात साखर जितकी जास्त तितकी ती जास्त) १.०३० ते १.०३९, अल्कोहोल ३.२ ते ३.८ टक्के आणि कडूपणा २५ ते ३५ एकक. म्हणजे अंगाने सडपातळ, पण त्या मानाने चांगलीच कडू. इंग्लिश बीअर मुळात इतकी हलकी नव्हती. पहिल्या महायुद्धापूर्वी तिथल्या बीअरची सरासरी घनता १.०५२च्या आसपास होती. युद्धात धान्य वाचवण्यासाठी आलेल्या निर्बंधांनी ती १.०३०पर्यंत खाली ओढली आणि नंतर ती काहीशी सावरली, तरी जुन्या पातळीला परत गेली नाही. अलीकडे त्यात कराची भर पडली आहे. ऑगस्ट २०२३पासून ब्रिटनमध्ये ३.४ टक्क्यांपर्यंतच्या बीअरला कमी दराने कर लागतो, त्यामुळे बाटलीवरचा ३.४ हा आकडा योगायोगाचा नसावा.

आपल्याकडच्या वाचकाला इथे एक घोटाळा होण्याची शक्यता आहे. आपण दुकानात ‘माइल्ड’ म्हणून जी बाटली मागतो ती साधारण पाच टक्क्यांची असते, आणि ‘स्ट्राँग’ आठ टक्क्यांपर्यंत जाते. इंग्लंडमधल्या पबात पाच टक्क्यांची बीअर जड समजली जाते. शिवाय तिकडे ‘माइल्ड’ नावाची निराळी, बहुधा गडद रंगाची बीअर आहे, तिचा आपल्या माइल्डशी काही संबंध नाही. हिशेब करायचा तर ५६८ मिलिलिटरच्या एका पाइंटमध्ये, ३.४ टक्क्यांनी, सुमारे १९ मिलिलिटर अल्कोहोल भरते. आपल्याकडच्या ६५० मिलिलिटरच्या आठ टक्क्यांच्या बाटलीत ५२. म्हणजे इकडची एक बाटली आणि तिकडचे पावणेतीन पाइंट यांची बरोबरी होते. संध्याकाळभर मित्रांबरोबर उभे राहून बोलता यावे आणि पायी घरी जाता यावे, यासाठी ती बीअर आहे. दाजींना हे सांगितले, तेव्हा त्यांनी ‘‘मग चहा काय वाईट?’’ असे विचारले आणि त्याला मला चटकन उत्तर सुचले नाही.

मी नोकरीची बरीच वर्षे एका खाद्यपदार्थ कारखान्यात चव-परीक्षणाचे काम केले आहे. त्यामुळे बाटल्या नुसत्या पिऊन संपवण्यापेक्षा रीतसर गुण देऊन त्यांचे परीक्षण करावे, असे मीच सुचवले. मंडळ पाच जणांचे ठरले: मी, दाजी, त्यांचे शेजारी असलेले डॉक्टर, एक सूत व्यापारी आणि गृहविज्ञानाच्या एक निवृत्त प्राध्यापिका, ज्यांना आम्ही सगळे बाई म्हणतो. बाईंनी आयुष्यात बीअर दोन-तीनदाच चाखली होती, परंतु पापड, लोणची आणि मसाले यांच्या स्पर्धांना त्यांनी जन्मभर गुण दिलेले आहेत. भाच्याने वाढपी व्हायचे आणि गुण द्यायचे नाहीत, असे ठरले. महाराष्ट्रात बीअरसाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि मद्य बाळगण्या-पिण्यासाठी परवाना लागतो. परवाने सगळ्यांचे होते, आणि वयाचा प्रश्न आमच्या मंडळात उद्भवण्यासारखा नव्हता.

गुणपत्रिका बीजेसीपीचीच घेतली. एकूण गुण ५०: वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकंदर परिणामाला १०. तीसच्या वर गेलेली बीअर बरीच चांगली समजतात. एकवीसच्या खाली गेली की तिच्यात दोष आहेत किंवा ती आपल्या प्रकारात बसत नाही, असा अर्थ होतो.

पहिली बैठक भाचा आल्यानंतर नवव्या दिवशी, रात्री नऊ वाजता, दाजींच्या गच्चीवर झाली. ती कशी झाली हे तपशिलाने सांगणे भाग आहे, कारण चुका सगळ्या तिथेच आहेत. बाटली तासभर फ्रीझरमध्ये होती आणि ग्लाससुद्धा. तुलनेसाठी म्हणून डॉक्टरांनी आणलेली स्ट्राँग आधी ओतली गेली. ताटलीत चखणा म्हणून शेंगा चटणी, कडक भाकरीचे तुकडे आणि लिंबू पिळलेला कांदा होता. सोलापूरची शेंगा चटणी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना ठाऊक असेल की लसूण, तिखट आणि शेंगदाण्याचे तेल जिभेवर बसले की पुढची पंधरा मिनिटे जीभ त्यांचीच असते. मी हे सारे पाहत होतो आणि व्यवसायाने मला ते खटकायला हवे होते. खटकलेही, पण पाहुणचाराच्या बैठकीत शिस्त लावणारा माणूस कोणाला आवडत नाही, म्हणून गप्प राहिलो.

गुण आले ते असे: १७, १९, २२, १६ आणि २४, सरासरी १९.६. पाचपैकी चार पत्रिकांवर ‘पाणचट’ हा शब्द होता. सूत व्यापाऱ्यांनी ‘सूत बारीक आहे, पीळ नाही’ असे लिहिले होते, जे मला तेव्हा नुसते गमतीचे वाटले. डॉक्टरांनी फेस टिकत नाही म्हणून दिसण्याचे गुण कापले होते, वास्तविक या प्रकारच्या बीअरमध्ये वायू मुळातच कमी असतो आणि फेसाचा थर पातळ असला तरी चालतो. वासाच्या रकान्यात कोणी काहीच लिहिलेले नव्हते. बारापैकी पाच-सहा गुण देऊन सगळे पुढे गेले होते, मीही.

पेच निर्माण झाला तो बैठक मोडल्यावर. बाईंनी आपल्या ग्लासातली निम्मी बीअर तशीच ठेवली होती. जेवण होऊन हात धुऊन त्या परत आल्या, तोवर तासभर गेला होता आणि गच्चीवरच्या उकाड्यात ग्लास चांगलाच कोमट झाला होता. त्यांनी तो उचलून वास घेतला, पुन्हा घेतला, आणि मला हाक मारली. ‘‘अहो, इकडे या. पावसाळ्यात रद्दीच्या दुकानात येतो ना, तसा वास येतोय याला. ओल्या पुठ्ठ्याचा.’’ मी वास घेतला. त्या म्हणत होत्या ते खरे होते, आणि ते मला तासापूर्वी कळायला हवे होते.

ओल्या पुठ्ठ्याचा वास हा बीअरच्या परीक्षणातला ओळखीचा दोष आहे. बीअर शिळी होताना ट्रान्स-२-नोनेनाल नावाचे संयुग जाणवू लागते. माल्टमधल्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातल्या, स्निग्ध पदार्थांचे विघटन हे त्याचे मूळ. एका लिटरमध्ये एका मायक्रोग्रॅमचा दहावा हिस्सा एवढे ते असले तरी माणसाच्या नाकाला कळते. मात्र बीअर अगदी थंड असली तर वासाचे रेणू वर येत नाहीत, आणि समोर फ्रीझरमधून काढलेला ग्लास असेल तर तरबेज नाकालाही ते हुलकावणी देते. दुसरे म्हणजे, जड बीअरमध्ये माल्टचा गोडवा, जास्तीचे अल्कोहोल आणि भाजलेपणा या सगळ्यांच्या आड असा दोष लपून जातो, ३.४ टक्क्यांच्या बीअरमध्ये लपायला जागाच नसते. हलकी बीअर बनवणे अवघड समजतात ते यासाठी.

तरीही लगेच निकाल देणे योग्य नव्हते. दोष उन्हाने आलेला असू शकतो का, हे प्रथम पाहिले. उजेड लागला की हॉप्समधली, म्हणजे बीअरला कडूपणा देणाऱ्या फुलांमधली, कडू द्रव्ये फुटून उग्र, गंधकासारखा वास येतो, परंतु बाटल्या तपकिरी होत्या आणि वासही तसा नव्हता. मक्याचे कणीस उकडल्यासारखा किंवा कच्च्या सफरचंदासारखा वास असता तर बनवणाराच्या कामात खोट काढावी लागली असती, तेही नव्हते. मग बाटलीने प्रवास कसा केला, हे विचारणे आले. भाच्याने आधी ‘‘फ्रिजमध्येच होत्या, मामा’’ असे सांगितले. थोड्या वेळाने, आणि आवाज उतरवून, खरे सांगितले. घरी पोहोचला त्या रात्री फ्रिज आमरसाच्या पातेल्यांनी भरलेला होता. दोनच बाटल्या मावल्या. उरलेल्या दोन पिशवीत तशाच गाडीच्या डिकीत राहिल्या आणि मग विसरल्या गेल्या. त्या नऊ दिवसांत ती गाडी तुळजापूरला, अक्कलकोटला आणि पंढरपूरला जाऊन आली. तिन्ही देवस्थाने डिकीत बीअर घेऊन झाली, हे आजींना अद्याप सांगितलेले नाही. पहिल्या बैठकीच्या दिवशी बाटली हाताशी हवी म्हणून त्याने डिकीतलीच काढून फ्रीझरमध्ये टाकली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता आम्ही दुधाचा थर्मामीटर डिकीत ठेवला. अर्ध्या तासाने तो ५१ अंश दाखवत होता. बाहेर ४२ होते. बीअर बनवणाऱ्यांमध्ये ‘३-३०-३००’ असा एक ठोकताळा प्रचलित आहे: ३२ अंशांवर तीन दिवस, २२ अंशांवर तीस दिवस किंवा तीन अंशांवर तीनशे दिवस, बीअर सारखीच शिळी होते. हा हिशेब काटेकोर नाही, परंतु त्याने अंदाज येतो. सोलापुरातल्या एप्रिलअखेरच्या रात्री धरूनही डिकीतल्या नऊ दिवसांची सरासरी ३२च्या खाली जाणे कठीण. म्हणजे फ्रिजमधल्या तीनशे दिवसांच्या तिप्पट म्हातारपण त्या बाटलीला नऊ दिवसांत आले होते.

एवढ्यावर थांबता आले असते. पण नाकाला एकदा ‘पुठ्ठा’ हा शब्द सांगितला की नंतर पाण्यातही पुठ्ठा सापडतो, हा माझा जुना अनुभव आहे. म्हणून फरक खरोखर आहे का, हे नाव न सांगता तपासायचे ठरले आणि त्यासाठी त्रिकोणी चाचणी घेतली. या चाचणीत प्रत्येकापुढे तीन पेले येतात, दोनांत एकच बीअर असते, तिसऱ्यात निराळी. निराळा पेला ओळखायचा. डिकीतली उरलेली एक आणि फ्रिजमधली एक, अशा दोन बाटल्या त्यासाठी काढल्या.

ही दुसरी बैठक रविवारी सकाळी अकराला झाली, जेव्हा पोटात नाश्ता उतरलेला असतो आणि जीभ ताजी असते. चखणा नव्हता, मध्ये तोंड धुवायला साधे पाणी आणि मीठ नसलेल्या ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा. पेले स्टीलचे घेतले. शिळी बीअर रंगाने किंचित गडद होऊ शकते, तो फरक डोळ्यांना दिसू नये, हा हेतू. ते आदल्या दिवशी साबण न लावता गरम पाण्याने धुऊन उपडे ठेवले होते. दोन्ही बाटल्या एकाच पातेल्यात, माठाच्या पाण्यात बर्फ घालून ठेवल्या आणि थर्मामीटर १२ अंशांवर आला तेव्हाच उघडल्या. इंग्लंडमध्ये पिंपातली बिटर ११ ते १३ अंशांवर देतात, हे त्यामागचे कारण. पेल्यांवर तीन-तीन आकड्यांचे सांकेतिक क्रमांक होते आणि काहींना दोन ताज्या-एक शिळी, तर काहींना दोन शिळ्या-एक ताजी असे वाढले होते. कोणाला काय दिले हे फक्त भाच्याच्या वहीत होते, आणि वाढून झाल्यावर तो आत निघून गेला, कारण वाढणाऱ्याचा चेहरासुद्धा उत्तर सांगतो.

पाचांपैकी चौघांनी निराळा पेला बरोबर ओळखला. डोळे मिटून अंदाजाने बोट ठेवले तरी तीनात एकदा बरोबर येते, त्यामुळे चार बरोबर येण्याला किती किंमत द्यायची, हा प्रश्न उरतो. पाच जणांतल्या चार किंवा पाच जणांचे नुसत्या नशिबाने बरोबर येण्याची शक्यता २४३मध्ये ११, म्हणजे साडेचार टक्के. अशा चाचणीत पाच टक्क्यांच्या खाली शक्यता गेली की फरक खरा मानण्याची पद्धत आहे. तो आम्ही मानला. चुकलेला पाचवा मी होतो. कडूपणात फरक असेल असे मी आधीच मनाशी धरून बसलो होतो आणि त्यावरूनच बोट ठेवले. वासाकडे लक्ष देणाऱ्या बाई आणि सूत व्यापारी दोघेही क्षणभरही अडले नाहीत.

त्यानंतर दोन्ही बाटल्यांतली उरलेली बीअर, क्रमांक न फोडता, काचेच्या ग्लासात घेऊन गुण दिले. गुण देण्यापूर्वी मी प्रकाराची मापे सर्वांना वाचून दाखवली. दाजींनी ‘अंग हलके ते मध्यम-हलके’ हे वाक्य दोनदा वाचायला लावले. बाई म्हणाल्या, ‘‘म्हणजे ताकाला दह्याचे मार्क द्यायचे नाहीत.’’ नंतर कोणी या विषयावर बोलले नाही.

डिकीतल्या बाटलीला २३, २६, २०, २५, २२ असे गुण मिळाले, सरासरी २३.२. फ्रिजमधलीला ३५, ३१, ३६, ३०, ३४, सरासरी ३३.२. दोन बाटल्यांमध्ये दहा गुणांचे अंतर पडले, आणि ते जवळपास सगळे वास आणि चव या दोन रकान्यांत होते. स्पर्शाच्या पाच गुणांत मात्र दोघींना जवळजवळ सारखेच मिळाले होते. पहिल्या रात्री ज्या पातळपणासाठी तिला झोडपले, तो दोन्ही बाटल्यांत सारखाच होता आणि या वेळी कोणी त्याचे गुण कापले नाहीत. शिळ्या बाटलीची गोष्ट आणखी विचार करण्यासारखी आहे: तिच्यातला खरा दोष उघड झाल्यावरही तिला पहिल्या रात्रीपेक्षा साडेतीन गुण जास्त मिळाले. म्हणजे पहिल्या रात्री आम्ही जो दोष होता तो पाहिला नव्हता आणि जो नव्हता त्याची शिक्षा दिली होती. पाच जणांच्या मंडळावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत, आणि स्ट्राँग आधी पिण्याचा, चटणीचा व थंडीचा वाटा वेगळा-वेगळा मोजता येत नाही. माझ्या मते सर्वांत मोठा वाटा थंडीचा, आणि त्याखालोखाल बाटलीवरच्या आकड्याचा, ३.४ वाचल्यावर जीभ पाणचटपणा शोधायलाच बसते. दुसऱ्या बैठकीतही तो आकडा सर्वांना माहीत होता, एवढे मात्र माझ्या मताविरुद्ध नोंदवून ठेवतो.

ताजी बाटली कशी होती, हे सांगायला हवे. रंग तांबूस, पिवळ्या पितळेला घासल्यावर येतो त्याहून एक छटा गडद. नाकाशी आधी मारी बिस्किटाचा वास, त्यामागे ओल्या मातीचा आणि वाळल्या गवताचा, जो इंग्लिश हॉप्सचा स्वभाव आहे. अगदी शेवटी संत्र्याच्या सालीच्या मुरंब्यासारखा, तो यीस्टकडून येतो. घोट घेतल्यावर ती जिभेवर पाण्यासारखी वाहते खरी, पण गिळल्यावर मेथीदाण्याचा असावा तसा कोरडा कडूपणा घशाशी मागे राहतो आणि तो दुसरा घोट मागतो. सूत व्यापाऱ्यांनी आपला पहिला शेरा स्वतःहून खोडला. बारीक सुतालाही पीळ असतो, तो हाताला लागायला सूत ओले नको, असे काहीसे ते म्हणाले. यंत्रमागाच्या धंद्यातले मला फारसे कळत नाही, पण त्यांच्या पत्रिकेवर ३६ गुण होते.

चौथी बाटली, म्हणजे फ्रिजमधली दुसरी, आठवड्याने उघडली आणि तिच्यावर एकमत झाले नाही. डॉक्टरांना ग्लास थोडा कोमट झाल्यावर लोण्याचा पुसट वास आला. यीस्टने मागे ठेवलेल्या डायअॅसेटिलचा तो वास असतो; लागरमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या नेहमीच्या बीअरच्या प्रकारात, तो दोष ठरतो, इंग्लिश बिटरमध्ये अगदी थोडा असला तर चालवून घेतात. बाईंना तो आलाच नाही. मी ग्लासावर तळहात झाकून, दोन मिनिटे हातात धरून पुन्हा वास घेतला. एकदा आल्यासारखा वाटला, दुसऱ्यांदा नाही. डॉक्टरांनी २९ दिले, बाईंनी ३५, आणि दोघांपैकी कोणीही मागे हटायला तयार नसल्यामुळे वहीत दोन्ही आकडे तसेच लिहून ठेवले आहेत.